जेठाचं नाव

"डावा द्या अक्का, जेवणाचा राहू द्या."

समोरच्या बाईचा हात पुढे आला की आबा तो तळव्याखालून अलगद धरायचे, तर्जनीच्या नखावर शाईची काडी टेकवून कातडीपर्यंत ओढायचे आणि वर हलकी फुंकर मारायचे. फुंकर मारायला निवडणूक आयोगाने सांगितलेलं नव्हतं. "ओली शाई पदराला लागते, मग घरी बोलणी बसतात," असं त्यांचं त्यावरचं स्पष्टीकरण. पुरुषांना मात्र फुंकर नाही. त्यांना नुसतं "चला पुढं."

जळगावच्या ज्या सरकारी कचेरीत मी कारकून होतो, तिथे आबा माझ्याआधी वीस वर्षं होते. राहायचे असोद्याला. एसटी चुकली तर कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून, टोपी हातात धरून यायचे. तुमच्याही कचेरीत असा एक माणूस असेल. त्याला बढती कुणी देत नाही आणि त्याच्याशिवाय कुणाचं पानही हलत नाही.

निवडणुकीचं काम लागलं की आम्हा बाकीच्यांच्या पोटात दुखायला लागायचं. अक्षरशः. डॉक्टरांकडून दाखले यायचे. आबा मात्र आठवडाभर आधी पिशवी भरायचे. कंदील, सुतळी, मेणबत्त्या, भरीत-भाकरी आणि आम्हा सगळ्यांना पुरेल एवढी केळी. शाईचं काम ते मागून घ्यायचे. त्यानंतर महिनाभर त्यांची बोटं काळी. एकदा त्या बोटांनी ते मुलीच्या सोयरिकीला गेले, तर मुलाकडच्यांनी त्यांना रंगारी समजून चार प्रश्न विचारले. हे ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच आधी हसायचे.

ऐंशीच्या दशकातली ती शेवटची लोकसभा. थंडी पडू लागली होती. मी पहिल्यांदाच केंद्राध्यक्ष झालो होतो, वय जेमतेम तीस. भडगावच्या बाजूला गिरणाकाठचं एक गाव आम्हाला मिळालं, शाळेची एक खोली आणि हजारभर मतदार. मी आदल्या दिवशीच सगळ्यांना नियमांवर भाषण दिलं. आबांनी ते मान डोलावत ऐकलं आणि मग मला एक केळं दिलं.

सकाळपासून बायकांची रांग मोठी होती. यादीवर एक मास्तर बसले होते. ते नाव विचारायचे, बाई नाव सांगायची, आणि नवऱ्याचं नाव विचारलं की गाडी अडायची. तिकडच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत, मग समोर सरकार असो की आणखी कुणी. आबांनी त्यावर तोड काढली होती. ते शाईच्या जागेवरूनच विचारायचे, "मोठा पोऱ्यानं नाव काय शे वं माय? घर कोठे शे?" बाई सांगायची, पक्षांचे एजंट माना हलवायचे, मास्तर यादीत खूण करायचे. आबांना असोद्याची बोली आणि ही अहिराणी, दोन्ही सारख्याच यायच्या. त्यात मग कुणाची सून बाळंतीण आहे, कुणाच्या गुरांना काय झालंय, हेही निघायचं.

मला त्याचा राग येऊ लागला. "आबा, हे मतदान आहे, सोयरीक नाही," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

"बरं साहेब," ते म्हणाले.

दुपारी मास्तर जेवायला उठले. एजंटही पांगले, एकच उरला होता आणि तो दारात उभा राहून तंबाखू मळत होता. मी यादी स्वतःकडे ओढली आणि माझी पद्धत सुरू केली. नवऱ्याचं नाव मीच मोठ्याने वाचायचं, बाईने मान हलवायची, की झालं. आबांना तोंड उघडायची गरजच नाही. रांग भराभर सरकू लागली आणि मी स्वतःवर खूष झालो.

एक पस्तिशीची बाई आली. "सुमनबाई," ती म्हणाली. चिठ्ठी तिच्याकडे नव्हती. यादीत बोट फिरवत मी पहिल्या सुमनबाईवर थांबलो आणि विचारलं, "सुमनबाई दगडू पाटील?"

तिने पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. मी खूण केली. आबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. त्यांनी शाई लावली, फुंकर मारली, बाई मत टाकून गेली.

तासाभराने साठीची एक बाई आली. शेतातल्या वस्तीवरून चालत आली होती, पायावर धूळ होती. नाव सुमनबाई. तोवर मास्तर आणि एजंट परतले होते. मास्तरांनी यादी पाहिली आणि म्हणाले, "साहेब, यांचं तर झालंय."

बाईने डावा हात पुढे केला. "मी आजून मत टाकं नही, भाऊ. देखा, बोट कोरं शे."

एजंट उठून उभे राहिले. एक म्हणाला, "बोगस मतदान झालं," दुसरा त्याच्यावर ओरडला. आबा माझ्या कानाशी आले. "साहेब, मघाची ती धाकटी, यांची चुलत जाऊ. तिच्या नवऱ्याचं नाव खाली दुसऱ्या ओळीत असेल. तुम्ही तिच्या जेठाचं नाव घेतलं. मोठ्या दिराचं नाव कानावर पडलं की बाई पदर घेते, मान खाली घालते. ती हो म्हणाली नव्हती." मग आणखी हळू म्हणाले, "प्रदत्त मताचं पाकीट आहे आपल्याकडं. तशी मतपत्रिका द्या यांना. नियम आहे."

नियम मला माहीत होता. आदल्या दिवशी मीच तो वाचून दाखवला होता. आपल्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल, तर खऱ्या मतदाराला वेगळी मतपत्रिका द्यायची आणि वेगळ्या पाकिटात ठेवायची. पण तसं केलं की अहवालात ते दिसणार. कुणाच्या हातून चूक झाली, हे विचारलं जाणार. पहिलीच वेळ, आणि माझी चूक.

मी मोठ्याने म्हणालो, "शाई नीट लागली नसेल, पुसली गेली. आबांचं लक्ष नव्हतं. बाई, तुमचं मतदान झालंय. जा तुम्ही."

बाई माझ्याकडे बघत राहिली. "मी खोटं नही बोलस, भाऊ. बठ्ठा गावना देखता माले खोटी पाडं तुम्ही." सगळ्या गावादेखत मी तिला खोटं पाडलं, एवढं बोलून ती गेली. दारात तिने चपला घातल्या, तेव्हा रांगेतल्या बायका तिला वाट द्यायला बाजूला झाल्या. आबा शाईच्या बाटलीचं बूच घट्ट करत बसले होते. पुढच्या बाईचा हात समोर आला तेव्हा ते नुसतं "चला पुढं" म्हणाले.

संध्याकाळी मी केंद्राध्यक्षाच्या डायरीत लिहिलं की शाई लावण्यात हयगय झाली. अक्षर चांगलं काढलं होतं.

एका एजंटने लेखी तक्रार केली होती, त्यामुळे पंधरा दिवसांत आबांना नोटीस आली. त्यांनी खुलासा लिहून मला दाखवायला आणला, "शुद्धलेखन बघा जरा" म्हणून. त्यात होतं, 'सदर मतदाराच्या बोटास शाई लावण्याचे माझ्याकडून राहिले असावे.'

"आबा, हे असं का लिहिलं?"

"नाही म्हटलं तर चौकशी लागेल, साहेब. दोघी जावांना तहसीलला बोलावतील. धाकटीवर दुसऱ्याचं मत टाकल्याचा आळ येईल. आणि तिथं उभं करून पहिला प्रश्न काय विचारतील? नवऱ्याचं नाव." ते हसले. "सांगणार आहेत का त्या?"

तेव्हा मी तो कागद फाडायला हवा होता. चूक माझी होती, असा एक अर्ज लिहायचा होता, अर्ध्या पानाचा. मी त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली आणि म्हणालो, "ठीक आहे."

निकाल लागला तेव्हा आमच्याकडचा उमेदवार हजारोंच्या फरकाने निवडून आला होता. महाराष्ट्रातल्या सगळ्या जिल्ह्यांचे आकडे वर्तमानपत्रात होते, आणि मी ते पान पुन्हा पुन्हा वाचून स्वतःला समजावत होतो की एका मताने काय फरक पडला असता. खरं सांगतो, त्या दिवसांत मला झोप चांगली लागायची. लाज नंतर आली, आणि आली ती गेलीच नाही.

आबांच्या सेवापुस्तकात ताकीद लागली. तीस वर्षांतली पहिली. दीड वर्षातच पुन्हा लोकसभा आली, भर उन्हाळ्यात. आम्ही सगळे दाखल्यांच्या मागे पळत असताना आबा स्वतः निवडणूक शाखेत गेले आणि आपलं नाव यादीत का नाही, म्हणून विचारून आले. तिथल्या बाबूने कारण सांगितलं. जागेवर येऊन त्यांनी टोपी काढली आणि फाइल उघडली. मला म्हणाले, "या खेपेला उन्हाचं बरंच झालं म्हणायचं." त्यांना ते बरं वाटत नव्हतं, हे कचेरीतल्या शिपायालाही कळत होतं.

ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाचं भाषण मीच केलं. निष्ठा, सचोटी, सगळे शब्द वापरले. आबा जमिनीकडे बघत होते. भाषण संपल्यावर हात जोडून म्हणाले, "फार झालं, साहेब." पुढे माझी बदली धुळ्याला झाली, बढतीवर. ते गेल्याचं तिथेच कळलं. असोद्याला जायला मला एक दिवसाची रजा पुरली असती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी धुळ्यात निवडणूक प्रशिक्षण द्यायला लागलो. समोर शे-दीडशे मास्तर आणि ग्रामसेवक. प्रदत्त मताचा मुद्दा आला की मी ही गोष्ट सांगतो. सुरुवात अशी करतो, "एका केंद्राध्यक्षाने एकदा काय केलं..." लोक कान देऊन ऐकतात. जेठाचं नाव आलं की बायका एकमेकींकडे बघून हसतात.

एका वर्षी मधल्या रांगेतून एक शिक्षिका उभी राहिली. "सर, मग त्या शाईवाल्यांचं काय झालं?"

"ताकीद मिळाली. परत कधी काम दिलं नाही."

"आणि केंद्राध्यक्षाचं?"

"बढती मिळाली," मी म्हणालो.

सगळा हॉल हसला. मीही हसलो. ती शिक्षिका मात्र उभीच होती. "त्यांना कुणी विचारलं नाही का, सर?"

"नाही," मी म्हणालो, आणि पुढचा मुद्दा घेतला.