समेटाचा चहा

तंटा मिटला की दोन्ही बाजूंनी एकत्र चहा घ्यायचा, ही आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीची रीत. कोर्टाच्या खेपांपेक्षा हे किती माणुसकीचं, असं मी पंच म्हणून सगळ्यांना सांगत आलो. काल बैठक सुमनताईंच्या अंगणात बसली. बांधावरून भांडताना शेजारच्या दत्तूने त्यांचा हात मोडला होता. त्याने माफी मागितली, तीही आम्हा पंचांकडे बघून. "मिटलं बरं का! ताई, चहा टाका," अध्यक्ष म्हणाले. प्लास्टरमधला हात छातीशी धरून, डाव्या हाताने एकेक कप आणत ताईंनी पहिला दत्तूला दिला. मग माझा कप आला, मी फुंकर घालत पिऊ लागलो. अख्ख्या बैठकीत त्यांना कुणी एक शब्द विचारला नव्हता. मीही नाही. आणि हे ध्यानात आलं तोवर माझा कप रिकामा झाला होता.