सोवळ्यातली शिकवणी

कुत्र्याला घरी एकट्यालाच शिकवावे की माळावर चारचौघा कुत्र्यांत न्यावे, हा प्रश्न संहिता घोकलेल्या माणसापुढे सहसा येत नाही. माझ्यापुढे तो आला, आणि एक अख्खा हिवाळा त्याने माझे चित्त ठिकाणावर राहू दिले नाही. जपाला बसलो की माळेचे मणी बोटांखालून सरत, पण नाम कोठे आणि मन कोठे. कान मात्र अंगणाकडे लागलेले असत.

ही एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. चिंचवड तेव्हा गावच होते. पिंपरीकडे कारखान्याच्या भिंती नुकत्याच उभ्या राहत होत्या. आमचे घर घाटावरून देवळाकडे जाणाऱ्या बोळात होते. आदल्या वर्षी आमचे तान्हे मूल गेले. त्यानंतर माझी पत्नी उंबरठ्याबाहेर पडेनाशी झाली. विचारले तेवढेच बोले. अशात पावसाळ्यात एक पिल्लू पन्हाळाखाली कुडकुडत येऊन बसले आणि ती त्याच्याशी बोलू लागली. मी आत पोथी उघडून बसलेला असे आणि माजघराच्या दाराशी तिचा आवाज ऐकू येई. काय बोलते, हे मी कधी विचारले नाही. त्या कुत्र्याला तिने ठेवलेले नाव येथे लिहीत नाही. ते तिच्यापाशीच राहावे.

कुत्रा वाढला आणि त्याला एक खोड लागली. इतर कोणाकडे तो ढुंकून पाहत नसे. पण घाटावर स्नान करून, सोवळे नेसून, हाती पाण्याचा तांब्या घेतलेला कोणी बोळातून जाऊ लागला की हा आनंदाने वेडा होऊन त्याच्या अंगावर झेप घेई. चावत नसे, पण आमच्याकडे स्पर्श पुरेसा होता. विटाळलेल्या माणसाला कार्तिकातल्या पहाटे पुन्हा नदीत उतरावे लागे. तिसऱ्या तक्रारीनंतर माझ्या चुलत्यांनी मला बोलावले. घराचे कर्ते तेच होते.

"माघात उत्सव आहे. शंभर माणूस सोवळ्यात या दारावरून जाईल," ते म्हणाले. "तोवर त्याला वळण लाव. नाही तर चाकणच्या शेतावर पाठवून देऊ. गाडी जातेच आहे."

पत्नी दाराआड उभी होती. त्या दिवशी ती कुत्र्याशीही बोलली नाही.

देहूरोडला सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदार राहत. मूळचे मावळातले शेतकरी. फौजेत त्यांनी कुत्रीच सांभाळली होती. सायकलवरून येऊन त्यांनी कुत्रा न्याहाळला आणि म्हणाले, "गुरुजी, दोन वाटा हायती. मी घरी येऊन एकट्याला शिकवतो, न्हाई तर आयतवारी आकुर्डीच्या माळावर या. तितं धा-बारा कुत्री असत्यात. गलका असतोय, पर कुत्रं पक्कं हुतं."

मी क्षणभरही विचार न करता घरची शिकवणी निवडली. माझे वडील मला एकट्याला समोर बसवून वेदाची संथा देत. विद्या एका मुखातून एका कानात जावी, मध्ये वारासुद्धा नसावा, असे ते मानत आणि मीही मानत होतो. शिवाय माळावर दहा-बारा कुत्र्यांत उभे राहायचे म्हणजे दर रविवारी काय काय शिवणार, याची कल्पनाही करवत नव्हती.

हवालदार गुरुवारी येऊ लागले. अंगणात दोर धरून बसवणे, थांबवणे, मागे बोलावणे असे चाले. तीन आठवड्यांत कुत्रा बोटाच्या इशाऱ्यावर बसू लागला. मला एवढे समाधान झाले की चौथ्या शुक्रवारी मी त्याला मोकळे सोडून ओसरीवर उभा राहिलो. शेजारचे वृद्ध भटजी घाटावरून येत होते. मी "बस" म्हणालो, दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणालो, आणि तेवढ्यात तांब्या दगडावर आदळल्याचा आवाज आला.

भटजींनी मला शिव्या दिल्या नाहीत. पाठ फिरवून पुन्हा घाटाकडे जाता जाता एवढेच म्हणाले, "शास्त्रीबुवा, मला आज दोन स्नानांचे पुण्य. तुमच्या वाट्याला काय, ते बघा."

पुढच्या गुरुवारी मी हवालदारांपुढे मान खाली घालून सारे सांगितले. ते मिशीत हसले. "अंगणात शिकताना कोन व्हतं? तुमी, मी अन् तुळस. तुळशीवर त्यो कशाला उडी मारंल?" मग त्यांनी विचारले, "ह्याला खायाला कोन घालतंय?"

"दुपारी मीच. जेवणाआधी वैश्वदेव झाला की बलीच्या अन्नातला भाग बाहेरच्या दगडावर ठेवतो."

"अंगावर काय असतंय तवा?"

"सोवळे. आणि हातात पाण्याचा तांब्या."

"मंग शिकवनी तर तुमीच घेतलीया, गुरुजी. रोज. एकट्याची. त्याला वाटतंय, रेशीम नेसलेला दिसला की घास आला."

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या कर्मात एक दिवस खंड पडू दिला नव्हता, त्याच कर्माने हे मुके जनावर घराबाहेर जायच्या वाटेवर आणून ठेवले होते. कर्म सोडता येत नव्हते आणि कुत्राही सोडवत नव्हता. उजाडेपर्यंत ओसरीवर येरझाऱ्या घातल्या.

रविवारी माळावर जायचे ठरले. हवालदारांनी बजावले होते की कुत्रे ज्याचे ऐकते त्यानेच दोर धरायचा. मी पत्नीला तसे सांगितले आणि नकाराची वाट पाहत उभा राहिलो. तिने पदर खोचला आणि विचारले, "किती चालावं लागेल?"

तासाभराची वाट होती. माळावर धनगराची केसाळ कुत्री होती, कारखान्याच्या पहारेकऱ्यांची होती, छावणीतल्या साहेबांचीही होती. सगळी एकदम भुंकत होती. आमचा कुत्रा पत्नीच्या पायांशी शेपूट घालून डोळे मिटून बसला.

"गुरुजी, तुमचं संध्या करतंय जनू," एक पहारेकरी म्हणाला.

"करू दे की," पत्नी म्हणाली. "तुमच्याला निदान अंघोळ घाला."

माळावरची माणसे हसली. मी तिच्याकडे पाहिले; ती दोर मनगटाला गुंडाळत होती.

दोन रविवारांत तो गलक्यात स्थिर बसायला शिकला. मग हवालदार म्हणाले, "आता सोवळ्यातला मानूस आना. त्याबिगर ह्याचं शिक्शन व्हनार न्हाई."

असा माणूस मी कोठून आणणार होतो? पुढच्या रविवारी माझा सोवळ्याचा रेशमी मुकटा पिशवीत घालून नेला आणि बाभळीमागे नेसलो. तांब्या हाती घेऊन त्या कुत्र्यांमधून चालू लागलो. धनगराचे कुत्रे मला हुंगून गेले. आमचा कुत्रा झेपावला, पत्नीने दोर आखडला, हवालदार म्हणाले, "पुन्यांदा." किती वेळा चाललो, ते आठवत नाही. माझ्या हाती नुसते पाणी आणि घास पत्नीच्या ओटीत, हे त्याला उमगायला तीन रविवार लागले. घरीही मी बली ठेवून आत वळे, आणि तिने खूण केल्यावरच तो दगडापाशी जाई. दर रविवारी नदीत बुडी मारून मुकटा धुऊन वाळत घालताना, हे चुलत्यांना सांगावे की नाही, याने जीव टांगणीला लागे. अखेर उत्सवाच्या आदल्या दिवशी सांगितले. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली. "उद्या पाहू," एवढेच म्हणाले.

उत्सवाच्या सकाळी मी गाभाऱ्यात अभिषेकाला होतो. पत्नी कुत्र्याला घेऊन बोळाच्या वळणावर बसली होती. मुखाने आवर्तने चालू होती आणि कान बोळाकडे होते. दोनदा अनुवाक चुकला. शेजारच्यांनी सावरून घेतले. तांब्या आदळल्याचा आवाज आता येईल, मग येईल, असे प्रत्येक आवर्तनाला वाटे. घाटावरून माणसे येतच होती.

आरती झाल्यावर चुलते सोवळ्यातच माझ्यापाशी आले. "उद्या चाकणला गाडी रिकामीच जाऊ दे," ते म्हणाले. "मी मुद्दाम त्याच्यापुढून तीनदा गेलो. बसून होता. थरथरत होता, पण बसून होता."

मी बाहेर पडलो. ती दगडावर बसली होती, सगळ्या गावाच्या देखत, डोईवरचा पदर उन्हाने तापलेला. कुत्रा तिच्या पावलांवर मान टाकून पडला होता, आणि दोराचे वळ तिच्या मनगटावर उठले होते. समोरून अजून दोघे सोवळ्यात येत होते, म्हणून ती उठली नाही.

"जरा थांबा," ती मला म्हणाली, "हे दोघे पुढं जाऊ देत. मग घरी जाऊ. भूक लागली आहे मला."