खुर्शीदाभाभीचा कोल्हा

आमच्या देऊळघाटात खुर्शीदाभाभीएवढी संशयी बाई दुसरी नाही. भिंतीला भिंत लागून आमची घरं, म्हणून हे मी अधिकारानं सांगते. दूधवाल्यानं घातलेलं दूध ती घरच्या मापानं पुन्हा मोजते. मी ब्लाऊज शिवून दिला की माझ्यादेखत शिवण ओढून बघते. राग येतो, पण करता काय.

तिला तसं कारणही आहे. बीटी कपाशीच्या पाकिटावरची पांढरीशुभ्र बोंडं पाहून तिच्या नवऱ्यानं, जावेदभाईंनी, सगळ्या रानात तेच बियाणं लावलं. बोंडं बाहेरून ठणठणीत होती. फोडली तर आत गुलाबी अळी. त्या हंगामानंतर जावई बिलालनं शेतीचा नाद सोडला आणि मलकापूरला कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला लागला. लेक आयशाही गेली. आठ वर्षांची नात नाजिश तेवढी वर्षभर नानीकडे राहिली.

आता तिलाही न्यायला आयशा येणार होती.

"चार दिवसांत विसरन मले ती," भाभी म्हणाली. ही एकच धास्ती तिला खात होती. म्हणून नाजिशनं नानीच्या मोबाइलवरच्या खेळातला कोल्हा विणून मागितला, तेव्हा ती लगेच सुई घेऊन बसली. जन्मभर क्रोशाच्या टोप्या विणलेल्या. कोल्ह्याचं डोकं म्हणजे एक लहानशी टोपीच, तासाभरात झालं.

अडलं तोंडापाशी. त्या खेळात कोल्हा सारखा पुढे पळतो, आपल्याला दिसते नुसती पाठ.

"तोंड लपवून पळते. काय हाय याच्या मनात?" भाभीचा संशय जागा झाला.

कुठं आपटला तरच तो क्षणभर मागं वळून बघतो, आणि नाजिश तर त्याला आपटूच देईना. शेवटी भाभीनं मोबाइल स्वतःकडे घेतला आणि कोल्ह्याला मुद्दाम झाडावर धडकवायला लागली. चेहरा बघायचा, दोन टाके घालायचे, पुन्हा धडकवायचा.

"नानी, तू त्याले काऊन पाडून राह्यली?" नाजिश रडकुंडीला आली.

"त्यानं वळून पाहावं म्हणून."

आत भरायला कापूस घरचाच. सरकी काढून एकेक पुंजका उजेडात धरून तिनं अळी शोधली. मी हसले, तर माझ्यावरच डाफरली.

निघायच्या दिवशी मी थांब्यावर सोबत गेले. नाजिश आईच्या मागोमाग बसमध्ये चढली. भाभी तिच्या पाठीकडे बघत राहिली. पोरगी काही वळली नाही. मला तिचा असा राग आला की विचारू नका.

बस हलली, आणि मागच्या काचेला कोल्ह्याचं तोंड टेकलं. आमच्याकडे बघत. वळणापर्यंत ते तसंच होतं.

घरी परतल्यावर भाभी दारात म्हणाली, "संजू, ते आयशानंच धरलं असन. नानीले बरं वाटन म्हणून."

"आयशा पुढं उभी होती, भाभी. दोन्ही हातांत पिशव्या. म्या पाह्यलं."

"तू खोटं बोलून राह्यली," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत आत गेली.

मी खरंच पाहिलं होतं. पण तिला पटवणार कोण?

संध्याकाळी मी मशीनवर बसले, तर भिंतीपलीकडून मोबाइलमधला कोल्हा झाडावर आपटल्याचा आवाज आला. जरा वेळ शांत, मग पुन्हा.