भाताच्या गिरणीतल्या सहा खाटा

माझी नोकरी चुका काढायची होती. साजगावच्या एका कारखान्यात लोखंडी नळ्या व्हायच्या आणि बाहेर जाण्याआधी प्रत्येक नळी माझ्या हाताखालून जायची. हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा, आत डोळा घालून पाहायचं, आणि मनाला पटलं नाही की लाल खडूने फुली मारायची. माझी फुली सहसा कुणी पुसत नसे. ही सवय अंगात इतकी भिनली की लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी आधी पत्रावळ उलटी करून टाके बघायचो. बायको म्हणायची, "तुम्हाला सोन्याच्या घरात नेऊन ठेवलं तरी आधी दाराच्या बिजागऱ्या हलवून बघाल."

एक्याऐंशी-ब्याऐंशीचा काळ असेल. आईच्या पोटात गाठ निघाली. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पोट उघडलं, पाहिलं आणि परत शिवलं. तिथल्या तरुण डॉक्टरने मला खिडकीपाशी नेऊन सांगितलं, "घरी न्या. त्यांना हवं-नको ते बघा." एवढंच. हवं-नको काय बघायचं ते त्याने सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

खोपोलीत चाळीतल्या आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत आईची खाट टाकली. दुखणं उसळलं की ती ओठ दाबून भिंतीकडे तोंड करायची, आणि मी उठून बाहेर जायचो. नळापर्यंत, नाक्यापर्यंत, परत. घरात बसवेना आणि बाहेर करमेना. बायकोला आईचं अंग पुसताना मदत करायची सोडून मी औषधाच्या बाटल्या ओळीत लावत बसायचो. माझी चिडचिड सगळ्यांवर निघायची, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

कर्जतच्या एका डॉक्टरने त्या जागेबद्दल सांगितलं. कशेळ्याच्या थोडं पुढे भाताची बंद पडलेली गिरण होती. तिथे एका निवृत्त परिचारिकेने सहा खाटा टाकल्या होत्या. दवाखान्याने घरी धाडलेली आणि घरच्यांना न झेपणारी माणसं ती ठेवून घ्यायची, शेवटपर्यंत. सगळे तिला सिस्टर म्हणत. "चांगली बाई आहे," डॉक्टर म्हणाले. चांगली म्हणजे काय ते मी स्वतः ठरवणार होतो.

सुट्टीच्या दिवशी एसटीने गेलो. आगाऊ कळवलं नाही. कळवून गेलं की लोक झाडून-पुसून ठेवतात, हे मला कारखान्याने शिकवलं होतं. कौलारू लांब शेड, एका बाजूला गिरणीचं जुनं चाक तसंच पडलेलं, भिंतींना चुना. मी सरळ आत शिरलो. चादरी वर करून पाहिल्या. मोरीत वाकून वास घेतला. औषधांच्या कपाटाला कुलूप होतं, ते ओढून बघितलं. सिस्टर मागे येऊन उभी राहिली. पन्नाशी उलटलेली, घाटावरची, आवाज खणखणीत.

"काही हरवलंय का तुमचं?" तिने विचारलं.

मी आईचं सांगितलं. ती मऊ झाली नाही, पण हाकललंही नाही. तेवढ्यात एका खाटेवरच्या म्हातारीला तिने घड्याळ बघून चमचाभर औषध पाजलं. म्हातारी मजेत बसलेली. मी लगेच पकडलं, "त्या कण्हत तर नाहीत. मग औषध कशाला?"

"म्हणूनच कण्हत नाहीत," सिस्टर म्हणाली. "दुखून झाल्यावर देऊन काय उपयोग? आधी द्यायचं."

हे मला पटलं. आम्ही घरी उलटं करत होतो. आईचा चेहरा पिळवटेपर्यंत थांबायचो. जागा पास होणार असं वाटू लागलं होतं. मग मी शेडच्या टोकाला गेलो आणि माझं डोकं फिरलं. तिथे दोन रोगी बायका सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होत्या. तिसरी, पाय सुजलेली, माठातून ओगराळ्याने पाणी काढून पलीकडच्या खाटेवर नेऊन देत होती. मरायला टेकलेल्या बायकांना कामाला जुंपलेलं! मी सिस्टरला तोंडावर विचारलं.

"ज्यांना करावंसं वाटतं त्या करतात," ती म्हणाली. "मी कुणाला सांगत नाही."

सगळ्याच मुकादमांचं हेच उत्तर असतं. मी मनातल्या मनात भली मोठी फुली मारली आणि कर्जतची गाडी धरली.

हा माझा राग कुठून आला ते सांगायला हवं. आई खालापूरकडच्या एका गावातली. छप्पन सालानंतर आम्ही बौद्ध झालो, पण त्याआधीचा आईचा अर्धा जन्म दुसऱ्यांच्या खळ्यावर झाडझूड करण्यात, दुसऱ्यांचं भात सडण्यात गेला होता. विहिरीवर घागर पायरीखाली ठेवून उभं राहायचं, कुणाला दया येऊन वरून ओतलं तर भरायची. लहानपणी मी तिच्या पदराला धरून तासन् तास उभा राहिलोय. पहिला पगार झाला त्या दिवशी मी तिला म्हटलं होतं, "आये, आता कुणाचं काम करायचं नाय." माझ्या मते मी तो शब्द पाळत होतो.

तिच्या दोन सवयी मात्र कधी गेल्या नाहीत. कुणाच्याही घरी गेली की "मला तहान नाय" म्हणायची. आणि आमच्या घरी कुणी आलं, तर माठ हाताशी असूनसुद्धा आतून सुनेला हाक मारायची, "पानी आन गं." मला वाटायचं, सासूपणा करतेय. मी त्यावरून तिला चिडवायचोही.

घरी दिवस वाईट जाऊ लागले. एकदा दुखणं जरा कमी असताना तिने बायकोकडे सूप मागितलं. "दे गं, जरा तांदूळ निवडते. हात नुसते पडून हायेत." बायकोने दिलं. मी कामावरून आलो, पाहिलं आणि सूप काढून घेतलं. बायकोला नको ते बोललो. आई दोन्ही हात चादरीखाली घालून निजली. त्यानंतर तिने काही मागितलंच नाही, आणि मी ते समाधान समजलो.

कशेळ्याला मी परत गेलो. मग आणखी एकदा, आणखी एकदा. अडीच महिन्यांत सहा खेपा झाल्या. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी जेवणाच्या वेळेला. दर वेळी वाटायचं, आज काहीतरी बदललेलं असेल. एकीकडे आईचे हाल बघवत नव्हते, दुसरीकडे तिला त्या सुपापुढे बसवायची कल्पना सोसत नव्हती. बसमध्ये बसलो की वाटायचं उतरावं, उतरलो की वाटायचं गाडी चुकली. सिस्टरने आता मला चहा द्यायला सुरुवात केली होती.

शेवटच्या खेपेला ती म्हणाली, "तुम्ही मोरी पाहिलीत, चादरी पाहिल्यात, माझी नखंसुद्धा पाहिलीत. आईला काय हवंय ते विचारलंत का?"

मी चहा तसाच ठेवून निघालो. विचारलं नव्हतं.

घरी येऊन विचारलं असंही नाही. मी तक्रारच केली. आईच्या उशाशी बसून बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "औषधपाणी चांगलं आहे, पण माणुसकी नाही. आजारी बायकांकडून तांदूळ निवडून घेतात. एकमेकींना पाणी द्यायला लावतात."

आई भिंतीकडे तोंड करून होती. ती हळूहळू वळली.

"कोन देतं पानी?"

"अशीच एक म्हातारी. कातकरीवाडीतली आहे म्हणे."

"आन् कोनाला देते?"

"शेजारच्या खाटेवर एक आजी आहे. डोंगराकडच्या शेतकऱ्याची. मोठ्या घरची दिसते."

आईने कोपरावर जोर देऊन अंग उचललं. कितीतरी दिवसांत ती आपणहून उठली नव्हती. "आन् ती पिते?"

मला प्रश्नाचा रोख समजायला वेळ लागला. सहा खेपांत मी ते पाहिलं होतं आणि पाहिलंही नव्हतं. "पिते," मी म्हणालो.

"सगळ्यांच्या देखत?"

"हो."

ती परत आडवी झाली. छताकडे बघत म्हणाली, "मला ने तिथं."

बायको पदराने डोळे पुसत आत गेली. तिला सगळं माहीत असावं. एवढी वर्षं आई पाण्यासाठी तिला का हाक मारत होती, ते फक्त मलाच कळलं नव्हतं. कुणी आपल्या हातचं पाणी नाकारलं तर? म्हणून तिने ते कधी पुढेच केलं नव्हतं. ज्या माणसाने नळीतली केसाएवढी चीर आवाजावरून ओळखायची, त्याला आपल्या आईतलं हे चाळीस वर्षं दिसू नये! मला स्वतःची लाज वाटली.

टेंपोत गादी टाकून तिला नेलं. सिस्टरने त्या शेतकरी आजीच्या शेजारचीच खाट दिली. कातकरीवाडीतली म्हातारी चार दिवसांपूर्वी गेली होती. ती तिचीच खाट. दोन दिवस औषध वेळेवर पोटात गेल्यावर आईचा चेहरा सैल झाला. मी कारखान्यातून रजा काढली होती. दिवसभर त्या शेडमध्ये येरझारा घालायचो, शेवटी सिस्टरने मला लाकडं फोडायला बसवलं.

तिसऱ्या दिवशी आई उठली. भिंतीला धरत माठापाशी गेली, पेला भरला आणि आजीच्या खाटेशी उभी राहिली. मी दारातून बघत होतो. पेला पुढे करायच्या आधी आईने मुद्दाम सांगितलं, "आमी बुद्धवाड्यातल्या हाव." लपवून दिलेलं पाणी तिला द्यायचं नव्हतं.

आजीने पेल्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "आता नको," असं म्हणून तिने डोळे मिटले.

माझं रक्त तापलं. मी कुऱ्हाड टाकून आत गेलो. "चल आये. आत्ताच्या आत्ता घरी जायचं." सिस्टर मध्ये पडली नाही. आईने पेला खाली ठेवला नव्हता. ती मला म्हणाली, "गप रं. तिला तहान नसंल. सांजच्याला परत देईन."

संध्याकाळी दिलं. आजी नको म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दिलं, तेव्हाही नको. आई दर वेळी तेवढंच चालून जायची, तेवढंच चालून परत यायची, आणि खाटेवर बसून धापा टाकायची. रजा संपल्याने मला कामावर परतावं लागलं. त्या आठवड्यात माझ्या हातून किती नळ्या गेल्या आणि त्यांत काय होतं, मला काही सांगता येणार नाही.

सुट्टीला पोचलो तेव्हा दुपार होती. शेडच्या दारातच आजीचा आवाज ऐकू आला. "अगं बाय, कुटं गेलीस? पानी दे की." आणि आई, माझी आई, सूप बाजूला सारून कुरकुरत उठली, "देते गं, देते. जरा दम धर." दिवसभर पाणी मागून मागून हिने जीव खाल्ला, अशी तिने माझ्याकडे तक्रारही केली. ती तक्रार करताना तिचा चेहरा इतका खुशीत होता की मला बघवेना. पहिल्यांदा कधी प्यायली, काय झालं, मी विचारलं. आई म्हणाली, "तहान लागली, प्याली. त्यात काय?"

त्या जागेत तिला सतरा दिवस मिळाले. शेवटचे तीन ती उठू शकली नाही. मग आजीच काठी टेकत येऊन तिचे ओठ ओले करायची. आई एका दुपारी गेली. दुखलं नाही. वाड्यातले लोक आले, त्रिशरण म्हटलं, सगळं रीतसर झालं.

चार दिवसांनी मी तिची लुगडी आणि डबा न्यायला गेलो. खाट मोकळी होती, चादर बदललेली. मी गाठोडं बांधत होतो, तेवढ्यात शेजारून आजी म्हणाली, "पानी दे रं जरा."

मी पेला काठोकाठ भरून नेला. तिने मान हलवली. "अर्धा कर. तुझी आय अर्धाच भरायची. भरलेला मला धरवत नाय, अंगावर सांडतो."

मी अर्धा केला. ती सावकाश प्यायली. पेला परत देताना तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तूच ना तो, चादरी उलथून बघायला यायचास? सारखा दिसायचास तू इथं."

"हो."

"मंग तिला इतकी उशिरा का आनलीस रं?"

मी पेला विसळून माठावर उपडा ठेवला.

"तपासत होतो, आजी," मी म्हणालो.