कोरलने मोठ्याने मागितलं

कोरल हॅड्रिकच्या वाटेला जाऊ नये, हे ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वारिन्डा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाई ठेंगणी, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली, आणि जिभेला हाड नाही. पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं की ही पहिल्या बाकावरून मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवणार. मी तिची चाळीस वर्षांची शेजारीण. सात वेळा तिच्याशी अबोला धरलाय, तेव्हा मी सांगते त्यात तोंडपुजेपणा नाही.

पण नोव्हेंबर आला की अख्ख्या गावाला कोरल लागायची. बाहेर गव्हाची कापणी चाललेली, पारा चाळिशीच्या वर, माश्या नाकातोंडात, आणि चर्चच्या हॉलमध्ये तापल्या पत्र्याखाली ही बया नाताळची पुडिंगं उकळत बसायची. बेदाणे, मनुका, चरबी, ब्रँडी, सगळं मांजरपाटाच्या फडक्यात गच्च बांधून सहा-सहा तास. अशी साठ पुडिंगं मग दोरीवर ओळीने टांगायची. फडक्याची गाठ मात्र तीच मारणार. मी एकदा मदत म्हणून एक मारली, तर माझ्या डोळ्यांदेखत सोडून पुन्हा बांधली. आमचा तिसरा अबोला तो.

पुडिंगं विकून येईल ते कंबोडियातल्या एका बालगृहाला जायचं. एकोणीस वर्षं हेच चाललं होतं. प्रत्येक पुडिंगला पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर तिथल्या एखाद्या लेकराचा फोटो आणि खाली ओळ, ‘या नाताळात एका अनाथ बाळाला हसवा.’ फोटो दरवर्षी बदलायचा, ओळ तीच. ती ओळ मार्जोरी पेनहॅलोची. मार्जोरी आमच्या बायकांच्या मंडळाची अध्यक्ष, टोमॅटोला पाणी घालतानाही गळ्यात मोत्यांची माळ असलेली.

कोरलच्या दोन खोडी मात्र आम्हाला कधी उलगडल्या नव्हत्या. नाताळच्या आधी सांताक्लॉज आगीच्या बंबावर बसून गोळ्या उधळत गावातून फिरतो, तेव्हा ती घराचे पडदे ओढून घेई. आणि ढवळणीला ती ढवळत नसे. पुडिंगचं मिश्रण टबात तयार झालं की गाव रांगेने येतं, एकेकाने डोळे मिटून लाकडी डाव एकदा फिरवायचा आणि मनात काहीतरी मागायचं. मनातच. ओठ हलले की मागणं वाया गेलं. कोरल प्रत्येकाच्या हाती डाव देई, स्वतः कधी फिरवत नसे. “नाताळ चावतो हिला,” असं आम्ही म्हणायचो आणि हसायचो.

तीन वर्षांपूर्वी मार्जोरीची नात टीगन त्या बालगृहात सहा आठवडे राहून आली. ती नर्स आहे. ढवळणीच्या दोन दिवस आधी आम्ही चौघी चिठ्ठ्यांना भोकं पाडत बसलो होतो. त्या साली फोटो बोफा नावाच्या मुलीचा होता, वय नऊ, पुढचा दात पडलेला. टीगन चिठ्ठी हातात घेऊन थांबली.

“आजी, हिला आई आहे.”

“कुणाला?”

“बोफाला. दर रविवारी फाटकाशी येते, उकडलेली कणसं घेऊन. तिला आत घेत नाहीत. तिथल्या बहुतेक मुलांना आईबाप आहेत गं. शाळेत घालतो म्हणून गरिबांची पोरं आणतात, आणि पाहुणे आले की ‘आम्हाला कुणी नाही’ असं म्हणायला लावतात. बोफाने मला कानात सांगितलं.”

मार्जोरीने पुढच्या चिठ्ठीला भोक पाडलं. “हे बघ बाळ, चिठ्ठ्या छापून झाल्यात. पोट भरतंय ना तिचं? आणि आई असलेल्या मुलीसाठी कोण पुडिंग घेणार? नाताळ होऊ दे. जानेवारीत बघू.”

मला ते पटलं होतं. आज सांगायला लाज वाटते, पण पटलं होतं. कोरल एक शब्द बोलली नाही, पर्स उचलून घरी गेली. चाळीस वर्षांत मी तिला गप्प बसलेली पाहिली नव्हती, त्यामुळे मला धास्तीच वाटली.

शनिवारी हॉल भरला. टब मधोमध, रांग पार दारापर्यंत. पहिला मान मार्जोरीचा. तिने हात पुढे केला, पण कोरलने डाव दिला नाही.

“आज पहिली मी.”

“अगं, तू तर कधी ढवळतच नाहीस!”

“एकदा ढवळलंय. सात वर्षांची होते.” कोरल रांगेकडे वळली. “मेलबर्नला पोरक्या मुलांच्या घरात वाढले मी. नाताळात तिथे टोप्या घातलेल्या बायका यायच्या. आमच्या गळ्यात नावाचा पुठ्ठा, हातात बाहुली, मग फोटो. बायका गेल्या की बाहुली परत कपाटात. त्याच दिवशी ढवळणी होती. मी डोळे मिटले आणि मागितलं, आई येऊ दे. ओठसुद्धा हलवले नाहीत.”

कोरलने चष्मा बोटाने वर सरकवला.

“आई मेली असं सांगितलं होतं मला. बावन्नाव्या वर्षी माझी फाइल हातात पडली. आई होती! ट्रॅमने पाऊण तासावर राहायची, लाँड्रीत कामाला जायची. एकट्या बाईला पोर पोसता येणार नाही म्हणून मला उचलून नेलेलं. दर नाताळला तिने पत्र लिहिलं आणि दर नाताळला कुणीतरी ते फाइलला लावलं. अकरा पत्रं. मी वाचली तेव्हा तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती.”

मार्जोरीचा हात माळेवर गेला. “आम्हाला काय माहीत कोरल... पण तो काळ वेगळा, हे वेगळं.”

“हे तेच आहे. आणि एकोणीस वर्षं ती टोपी माझ्याच डोक्यावर होती, हे मला परवा कळलं.” तिने डाव दोन्ही हातांनी धरला. “मनात मागून बघितलंय मी. कुणाला ऐकू गेलं नाही. आता ऐका.” डाव टबभर फिरवत ती ओरडली, “बोफाला तिच्या आईकडे पाठवा!”

“बोललीस की मोठ्याने! गेलं वाया,” म्हातारा क्लॅरी हळहळला.

“तू साठ वर्षं मनात पाऊस मागतोयस. पडला का?”

कोरलने डाव उभा धरला. “मुलांच्या आया शोधून मुलांना घरी पाठवतात, तिथूनच शाळेत घालतात, अशी माणसं टीगनला माहीत आहेत. यंदा सगळं तिकडे जाईल. चिठ्ठीवर फोटो नाही, अनाथ हा शब्द नाही. कबूल असेल त्याने डाव घ्यावा आणि मोठ्याने मागावं. नसेल त्याने दुकानातलं पुडिंग खावं.”

“हे मंडळ ठरवेल,” मार्जोरी म्हणाली. “कृती मंडळाची आहे.”

“कृती माझ्या डोक्यात आहे. मंडळाला हवी तर डोकं कापून घ्या.”

शेवटी मीच गेले. भोकं पाडणाऱ्यांत मीही होते, म्हणून गेले. डाव हातात घेतला आणि गावासमोर ते वाक्य म्हटलं. आवाज फाटला, पण म्हटलं. माझ्यामागून टीगन आली. मग क्लॅरी आला, टोपी काढून म्हणाला, “बोफाला आईकडे पाठवा, आणि जमलं तर थोडा पाऊस.” हॉल हसला आणि रांग पुढे सरकली. मार्जोरी मात्र न ढवळता निघून गेली.

त्या नाताळात तेवीस पुडिंगं पडून राहिली. लोकांना चेहरा लागतो, तोही रडका. “नको तर नको,” म्हणून कोरलने ती कापणीवरच्या माणसांना वाटून टाकली. एकाच्याही पाया पडली नाही.

पुढच्या नोव्हेंबरात मार्जोरी हॉलमध्ये आली, माळेशिवाय. बेदाणे निवडायला बसली. कोरलने मनुकांचं ताटही तिच्यापुढे सरकवलं. दुपारी टीगन बातमी घेऊन आली. बोफा ईस्टरपासून आपल्या घरी आहे, गावच्या शाळेत जाते.

“छानच झालं,” मार्जोरी म्हणाली. मग राहवेना म्हणून, “पण एक आभाराचं पत्र? एखादा फोटो? काहीच नाही पाठवलं?”

कोरल पुडिंगचं फडकं आवळत होती. “आईच्या हातचं जेवणाऱ्या पोरीने तुझे आभार कशासाठी मानायचे गं?”

कोरलने दोरीचा पहिला फेर घट्ट ओढला आणि मानेनेच तिला जवळ बोलावलं.

“ये. बोट ठेव इथे, गाठ मारायचीय.”

मार्जोरीने बोट ठेवलं.