साहेबांचं शिफारसपत्र

"ऐका वकीलसाहेब, पोरीसाठी काय लिहिलंय ते."

डॉक्टरसाहेब झोपाळ्यावर. वकील खुर्चीत. मी ओसरीच्या पायरीखाली, उन्हात. साहेबांनी पत्र आधी इंग्रजीत वाचलं. मग मजा म्हणून मराठीत सांगितलं.

"ढोराच्या जातीत जन्मूनही ही मुलगी हात स्वच्छ ठेवते. सांगितलेलं निमूट ऐकते. पट्ट्या बांधायला, डोळ्यांत औषध घालायला उपयोगी पडेल. शस्त्रक्रियेचं काम हिच्यावर सोपवू नये."

वकील हसले. "एवढं तरी कोण लिहितं हो यांच्यासाठी!"

मी डॉक्टर होते. पुण्याला शिकून, परीक्षा पास होऊन आलेली. सोलापुरात साहेबांच्या डोळ्यांच्या धर्मार्थ दवाखान्यात तीन वर्षं काम करत होते. मुंबईच्या डोळ्यांच्या इस्पितळात शिकाऊ डॉक्टरची जागा निघाली होती. अर्जासोबत दोन पत्रं हवी होती. एक, जिथं शिकले तिथलं. ते आलं होतं. दुसरं, जिथं काम करते तिथलं.

शेवटची ओळ ऐकली. शस्त्रक्रिया तर मीच करत होते.

कारण साहेबांचे हात कापत होते. वर्ष झालं होतं. एका मंगळवारी विणकराघरची एक म्हातारी मेजावर होती. सुरी बुबुळाच्या कडेशी गेली आणि थरथरली. साहेब पुटपुटले, "धर तू." मी धरली. मोतीबिंदू काढला. तेव्हापासून दर मंगळवारी दार लावून घ्यायचं. सुरी माझ्या हातात. बाहेर रोग्यांची माणसं साहेबांच्या पाया पडायची. मी आत रक्ताची फडकी गोळा करायची. तोंडातून शब्द काढला नाही. वाटलं होतं, वेळ आली की माणूस खरं लिहील.

"घे. नीट सांभाळून ने," साहेब म्हणाले आणि कागद पायरीवर टाकला. हातात दिला नाही. मंगळवारी सुरी मात्र माझ्याच हातात द्यायचे.

मी कागद उचलला. पायऱ्या चढले. तीन वर्षांत पहिल्यांदा. झोपाळ्याजवळच्या मेजावर तो ठेवला.

"हे खोटं आहे साहेब. मला नको."

वकिलांनी पाय आखडून घेतले. साहेबांचा चेहरा लाल झाला. "माझ्या सहीवाचून मुंबईत कुत्रं विचारणार नाही तुला!"

मी खाली उतरले. मागं पाहिलं नाही.

घरी बा कातडं घासत बसला होता. सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "घ्यायचं की गं. वाईट लिवलं तरी सही मोठ्या मानसाची हाय. आमी जलमभर काय काय घेतलं." बाचा राग आला. मग रागाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी छोट्या डॉक्टरांकडे गेले. दवाखान्यातले दुसरे डॉक्टर, मुसलमान, साठीला आलेले. त्यांची परीक्षा खालची, म्हणून सगळे त्यांना छोटे डॉक्टर म्हणायचे. सुरी कशी तोलायची ते मला त्यांनी शिकवलं होतं. बंद दाराआड तेही असायचे, रोग्याचं डोकं धरून.

"बेटी, मी लिहिलं तर खरंच लिहीन," ते म्हणाले. "मग साहेबांचे हात कापतात, हेही त्यात येईल. माझी नोकरी जाईल. तुझीही. आणि माझ्या नावाला तिथं वजन नाही. सोच ले."

"तुम्ही पाहिलंय ना माझं काम?"

"रोज पाहिलंय."

"मग लिहा."

त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिलं. कोणता रोगी, कोणता डोळा, सुरी कुणाच्या हातात. खाली सही. ते जोडून मी अर्ज मुंबईला पाठवला.

महिन्याभरात साहेबांच्या कानावर गेलं. छोट्या डॉक्टरांना काढलं. मलाही काढलं. "अस्तनीतले निखारे," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. आणि मुंबईहून उत्तर आलं. प्रतिष्ठित व्यक्तीचं पत्र नसल्यानं अर्जाचा विचार करता येत नाही.

बा म्हणाला, "अजून जा की. पाया पड. साहेब देतील."

मी गेले नाही.

छोट्या डॉक्टरांनी त्यांच्या मोहल्ल्यात एक खोली घेतली. आम्ही दोघं तिथं रोगी तपासतो. साहेबांकडचे काही लोक चोरून येतात, तोंड झाकून. त्यांना मी बजावते, उजेडात या. पुढच्या दारानं या.

यंदा मुंबईची जागा पुन्हा निघाली. एकानं सुचवलं, वकिलांना भेट, त्यांचं वजन आहे, ते पत्र देतील, नाहीतर साहेबांची समजूत घालतील. मी नाही म्हटलं. ज्यानं माझं काम पाहिलं नाही, त्याची सही मी मागणार नाही. ज्यानं पाहून लपवलं, त्याची तर कधीच नाही. छोट्या डॉक्टरांकडून पुन्हा लिहून घेतलं. एक शब्द बदलू दिला नाही.

आज सकाळी अर्ज टपालात टाकला. पुन्हा नाही म्हणतील. पुढच्या वर्षी पुन्हा टाकीन. नाही लिहून लिहून त्यांचा हात दुखेल. माझा हात कापत नाही.