सोळा नंबर सुकत नव्हता

बाथरूमचं दार आतून बंद होतं आणि दाराखालून पाणी येत होतं. खोलीतला गालिचा भिजून काळा पडला होता. हॉटेलात काम करणाऱ्या सुषमाने इंग्रजीत दोनदा हाक मारली. आत शॉवर चालू होता, दुसरा आवाज नाही.

मी म्हटलं, "हाका मारत बसू नको. दार उघड."

तिने खिशातून नाणं काढलं, कडीच्या बाहेरच्या खाचेत घातलं आणि फिरवलं. हॉटेलातल्या कड्या अशा उघडतात, हे मला तेव्हा कळलं.

मुलगी शॉवरखाली आडवी पडली होती. अंगावर खेळायचे कपडे, एकाच पायात मोजा. पाणी जायची जाळी तिच्या कमरेखाली दबली होती, म्हणून पाणी तुंबलं होतं. लालसर पाणी. तिचं तोंड पाण्यात होतं. नाक वर होतं की नाही, ते मला दिसलं नाही.

माझ्या हातात सोळा नंबरची ओली पिशवी होती. ती मी बेसिनवर टाकली आणि आम्ही दोघींनी तिला काखेत धरून बाहेर ओढलं.

मला सांगायचं आहे ते या पिशवीबद्दल.

आधी माझ्याबद्दल सांगते. मी एकाहत्तर वर्षांची आहे, चौथीपर्यंत शिकले. आम्ही बौद्ध, मूळचे जालन्याकडचे. आमच्या घरात लिंबू-मिरची नाही, उतारा नाही, अंगात येणं नाही. तुमच्या या भुताखेतांच्या पानावर लोक सावल्या आणि पैंजण लिहितात, ते मी वाचते आणि सोडून देते. माझंही तुम्ही सोडून दिलंत तर मला राग नाही. मी कागदावर लिहिलं, शेजारच्या प्रज्ञाने मोबाईलवर उतरवून पाठवलं.

मी दिंडोशीला राहते, एकटी. मुलगा गावी असतो, रविवारी फोन करतो. साकीनाक्याला एका गाळ्यात लाँड्री आहे, तिथे मी एकोणीस वर्षं कामाला आहे. आमच्याकडे हॉटेलांचे कपडे येतात. धुणं मशीन करतं. माझं काम मोजून घेणं, डाग बघणं, घड्या घालणं आणि मोजून देणं.

मध्यंतरी अंधेरीत परदेशी मुलींच्या फुटबॉलच्या स्पर्धा झाल्या. सतरा वर्षांखालच्या मुली, आपापल्या देशाकडून आलेल्या. त्यातल्या एका संघाचे कपडे आमच्याकडे यायचे. त्या देशाचं नाव मला अजून धड घेता येत नाही. पांढरा शर्ट, बाहीला हिरवी पट्टी. एकेका मुलीची एकेक जाळीची पिशवी, पिशवीवर नंबर. एक ते तेवीस. संध्याकाळी पिशव्या यायच्या, दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या टेम्पोने जायच्या.

कपडा हातात घेतला की मला कळतं, कोण किती खेळलं. नऊ नंबर रोज ढोपरावर पडायची. चार नंबरच्या शर्टाची कॉलर चावलेली असायची. सोळा नंबरचा शर्ट रोज कोरा यायचा. ना माती, ना घाम. रोज घालायची, बसून राहायची आणि काढायची. एवढ्या लांब येऊन. तरी धुवायचा, कारण आलेला कपडा धुवूनच द्यायचा हा आमचा नियम. दुसरा नियम — ओला कपडा गाळ्याबाहेर जात नाही. शेठचा नव्हे, माझा नियम. शेठ काय, दमट चादरीसुद्धा पाठवेल.

त्या दिवशी सकाळी ड्रायरमधून बावीस पिशव्या सुकून आल्या. सोळा नंबर ओली.

ड्रायर अस्लम बघतो, पन्नाशीचा माणूस. तो म्हणाला, "मौसी, ड्रायर गेला वाटतं."

"मग बाकीच्या बावीस काय तू फुंकर मारून सुकवल्यास?"

त्याने ती परत लावली. परत ओली. अगदी निथळत होती. मी शर्ट बाहेर काढला, पिळला. बादलीत तांब्याभर पाणी पडलं. वास घेतला, साध्या नळाच्या पाण्याचा वास. साबणाचासुद्धा नाही. मग मी त्याच्यासोबत एक ओला टॉवेल आत टाकला. टॉवेल करकरीत सुकून आला आणि शर्टातून पाणी गळत होतं.

अस्लमने हात मागे घेतले. "मी नाही लावणार आता. तुम्हीच बघा."

बारा वाजले. टेम्पोवाला ओरडायला लागला. मी बावीस पिशव्या दिल्या, सोळा ठेवून घेतली. चलानावर एक कमी लिहिलं.

त्यानंतर शर्ट मी पंख्याखाली टाकला, इस्त्रीही फिरवली. इस्त्री चुरचुरायची, वाफ यायची, आणि कापड तसंच. भीती मला वाटली नाही. चीड आली. एकोणीस वर्षांत एकाही कपड्याने मला असं हरवलं नव्हतं.

तीनच्या सुमाराला मी पिशवी उचलली आणि रिक्षाने हॉटेलवर गेले. माल कमी गेला असेल तर राहिलेला कपडा ज्याचा त्याच्या हातात द्यायचा आणि चूक सांगायची, अशी आमची पद्धत आहे. ओला का होईना, तिच्या हातात द्यायचा असं मी ठरवलं. तिला माझी भाषा येत नव्हती, ते बरंच होतं; शर्ट का सुकत नाही ते सांगावं लागणार नव्हतं.

मागच्या दाराशी हाउसकीपिंगची सुषमा भेटली. ती मला ओळखते.

"मावशी, तुम्ही स्वतः? टीम तर दीडलाच गेली प्रॅक्टिसला. ठेवा इथे."

मी पिशवी तिथल्या बाकावर ठेवली. बाकावरून पाणी फरशीवर आलं.

"अहो, काय नदीतून काढून आणलीत काय? माझी फरशी... उचला आधी."

"मग कुठे ठेवू?"

"चला वर. तिच्याच बाथरूममध्ये टांगू. निथळेल तिथे. पण कोणाला सांगू नका हं, मी तुम्हाला वर नेलं म्हणून."

तिसऱ्या मजल्यावर गेलो. सुषमाने कार्ड लावलं. दोन पलंग, एक नीट, एकावर चादर विस्कटलेली. आणि बाथरूमच्या दाराखालून पाणी.

बाहेर ओढल्यावर मी मुलीला कुशीवर केलं आणि पाठीत थापा मारल्या. हळू नाही मारल्या. तिसऱ्या-चौथ्या थापेला तिच्या तोंडातून पाणी आलं आणि मग शिट्टीसारखा श्वास. सुषमा फोनवर रडत होती. मी म्हटलं, "रड नंतर. खोली नंबर सांग त्यांना." मुलीने डोळे अर्धे उघडले. माझा पदर मुठीत धरला आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "हो, आहे मी." स्ट्रेचर येईपर्यंत तिने पदर सोडला नाही.

तिला नेल्यावर मी बेसिनवरची पिशवी घ्यायला गेले. पिशवी कोरडी होती.

चारी बाजूंना पाणी, बेसिन ओलं, माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. आत शर्ट घडी घातलेला, इस्त्रीची धार बोटाला लागेल असा. घडी माझीच होती, बाही आत घेऊन घालते तशी. पण मी तो शर्ट पिळून कोंबला होता. घडी घातली नव्हती. सुषमाने हात लावून बघितला आणि भिंतीला टेकून खाली बसली.

दोन दिवसांनी तिने मला बाकीचं सांगितलं. मुलीला सकाळपासून ताप होता. तिने कोणाला सांगितलं नाही, नाहीतरी खेळवत नव्हते. डोकं तापलं म्हणून कपड्यांसकट शॉवरखाली उभी राहिली आणि चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, पडून पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त झाली नसतील.

"पण बसमध्ये ती नाही हे कळलं नाही कोणाला?" मी विचारलं.

सुषमा म्हणाली, "मावशी, त्यांची एक पद्धत होती. धुतलेल्या पिशव्या खाली टेबलावर मांडायच्या. प्रत्येकीने आपली उचलायची आणि बसमध्ये बसायचं. टेबल रिकामं झालं की सगळ्या आल्या. दोन बसेस होत्या. हिच्या खोलीतली मुलगी आधीच्या बसने गेली, तिला वाटलं ही मागच्या बसमध्ये आहे. आणि टेबल रिकामं होतं."

टेबल रिकामं होतं, कारण सोळा नंबर माझ्याकडे होती.

मी ओली पिशवी तशीच पाठवली असती तर ती टेबलावर उरली असती. दीड वाजता कोणीतरी वर गेलं असतं आणि मुलगी पलंगावर तापात सापडली असती. पडलीच नसती. म्हणजे ती मागे राहिली माझ्यामुळे. आणि शर्ट सुकला नाही, म्हणूनच मी तिथे गेले, हेही आहे. मी हे दोन्हीकडून लावून बघितलं आहे. जुळत नाही.

प्रज्ञा म्हणते, "आजी, हे आजोबांचंच काम. त्यांनीच नेलं तुम्हाला तिथे."

माझ्या नवऱ्याने जिवंतपणी स्वतःचा रुमाल धुतला नाही. मेल्यावर तो परक्या मुलीचा शर्ट कशाला भिजवत बसेल?

पण ती हे का म्हणते, ते लिहिते. माझा नवरा शेवटी अंथरुणाला होता. कोणी दार वाजवलं तर त्याला उठावं लागू नये म्हणून मी कामाला जाताना बाहेरून कुलूप लावायचे. तो गेला त्या दिवशी त्याने आतून हाका मारल्या असतील. शेजारच्यांनी कुलूप बघितलं, घरात कोणी नाही असं समजले. आवाज टीव्हीचा वाटला असेल. कुलूप मीच लावलं होतं, त्याच्या भल्यासाठी. संध्याकाळी मीच काढलं. तेव्हा माझ्याकडे कुठला शर्ट ओला राहिला नव्हता. मी जादा पाळी करून निवांत घरी आले होते.

याचा त्याच्याशी काही संबंध आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही.

पुढचे आठ दिवस पिशव्या येत राहिल्या. पंधरानंतर सतरा. मी कपाटात पंधराच्या शेजारी एक जागा मोकळी ठेवायचे, सवयीने. अस्लम ड्रायरचं दार अजूनही पायाने लावतो. ड्रायर तपासायला माणूस आला होता, त्याला काही सापडलं नाही.

मुलीच्या डोक्याला सात टाके पडले. तीन दिवस दवाखान्यात होती, मग तिची आई आली आणि घेऊन गेली. कुलपाआड माझा नवरा गेला. ही जगली.